डोळ्यानं पाहिलं का?

एस्तेरबाई, तुम्ही गेल्याचं वर पोडावरच्या घरांत कोणी मानायलाच तयार नव्हतं, आणि ही खोड तुम्हीच लावलेली. चर्चच्या पाळकांनी फोन केला होता, फाट्यावरच्या चहावाल्यानं निरोप पोचवला होता, मोठी माणसं हळहळून मोकळी झाली होती. पण पोट्टे काही ऐकेनात. परवा शनिवारी मी एकटीच टेकडी चढून वर गेले, तर सगळे मोहाच्या झाडाखाली जमून बसलेले. जमुनानं माझ्या हातातली तांदळाची पिशवी घेतली, बाजूला ठेवली आणि सगळ्यांच्या वतीनं उभी राहून विचारलं, "मॅडम, लोक म्हणून राह्यले बाई गेल्या म्हणून. तुमी डोयानं पाह्यलं का?"

काय उत्तर दिलं ते सांगते. पण आधी मला तुमच्याशी जरा भांडू द्या. सहा वर्षं भांडले, आता मध्येच कशी सोडू?

खरं सांगायचं तर परवा मी पोट्ट्यांना सांगायला गेले होते, की हे सगळं आता बंद. पाळकसाहेब चांगला माणूस आहे, पण एकटा जीव, तीन गावची मंडळी सांभाळतो. त्या सोमवारी तुम्हाला मातीत ठेवून निघालो, तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी त्यानं मला गाठलं. "कुंदाताई, पोडावरचा शनिवार तुम्ही बघाल का? दुसरं कोणी वर जाणारं नाही. तुम्ही नाही म्हटलं तर थांबवावं लागेल." मी म्हटलं, "अहो, मी तुमच्यातली नाही. संकष्टीला केळझरच्या गणपतीला जाणारी बाई मी. रिटायर मास्तरीण. तिथं मी खिचडी शिजवते, बस्स." घरी येऊन मी ठरवलं, शेवटची एक खिचडी करायची, मुलांना नीट समजावून सांगायचं आणि खाली उतरायचं. तुमच्याकडे दहावा-तेरावा नसतो, तर हाच आपला तेरावा समजू.

पहिल्यांदा तुमच्यासोबत चढले तेव्हा वाटेत तीनदा बसले होते, आठवतं? वर्ध्याहून जामपर्यंत एक बस, जामच्या चौकात कपभर चहा, मग समुद्रपूरकडची दुसरी बस, मग फाटा, आणि फाट्यावरून ती पायवाट, जिला तुम्ही मोठ्या तोऱ्यात रस्ता म्हणायच्या. वर कोलामांची बावीस घरं. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात, हेही मला तुम्हीच सांगितलं. खालच्या गावात सात वर्षं नोकरी करून मला ते माहीत नव्हतं. तुम्ही तेव्हा अडुसष्टच्या. मिशन दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, गुडघे कधीच कामातून गेलेले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तो घडीचा कापडी फळा, ज्यावर मेंढरं आणि मासे चिकटवून तुम्ही बायबलातल्या गोष्टी सांगायच्या. मी धापा टाकत विचारलं, "इतक्या वर कशाला, बाई? खाली गावात काय कमी मुलं आहेत?" मागं वळूनही न बघता तुम्ही म्हणालात, "खालच्याईले पाहाले लोक हायेत ना, ताई." आणि चालत राहिलात. बापा रे, काय ती चाल! मी तुमच्या निळ्या रबरी चपलांकडे बघत बघत वर पोचले.

आणि पोचल्या पोचल्या घोळ घातला. मी बिस्किटांचे पुडे नेले होते. शाळेच्या सवयीनं सगळ्यांना रांगेत बसवलं आणि वाटून टाकले. कोणी खाईना. चाळीसेक पोट्टे हातात बिस्किट धरून माझ्याकडे बघत बसले. एक शेंबडं तर बोटांतलं बिस्किट घामानं मऊ पडायला लागलं तरी तोंडात घालेना. "खा ना रे!" मी ओरडले. तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "नावं नाई झाले ना आजून."

मग तुम्ही चटईवर बसलात आणि नावं घ्यायला लागलात. तीस वर्षं मी हजेरी घेतली, बाई, पण असली हजेरी जन्मात पाहिली नव्हती. हातात कागद नाही. एक नाव घ्यायचं आणि त्या मुलाकडे बघायचं, तो तुमच्याकडे बघेपर्यंत. मगच पुढचं. आणि जो आला नसेल त्याच्यासाठी सगळं थांबायचं.

"किसना कुठी हाये?"

"बकऱ्या चाराले गेला."

"तू डोयानं पाह्यलं का?"

"हाव बाई, नाल्यापाशी होता आताच."

असं असेल तर ठीक. पण कोणी "मामाकडं असंल" म्हणालं की तुमची मान नाही म्हणून हलायची. "असंल नाई चालत. जा, पाहून ये." मग एक जण पळत सुटायचा, आणि तो परत येईपर्यंत बाकीचे चाळीस तसेच बसून. शेवटचं नाव झाल्याशिवाय घास नाही. पाऊण तास गेला त्या दिवशी नुसत्या नावांत. मला वाटलं, ही बाई बहुतेक ठार वेडी आहे.

पुढच्या खेपेला मी तुमच्यासाठी लांबडं रजिस्टर आणलं. रकाने आखून, लाल-निळ्या शाईचे पेन सोबत. "चाळीस नावं डोक्यात कशाला वागवता? लिहून ठेवा." तुम्ही ते उलटंसुलटं पाहिलं, छान आहे म्हणालात, आणि मग, "लिहून ठेवलं का माणूस कागदाकडंच पाह्यते, ताई." एवढं बोलून माझ्या कोऱ्या रजिस्टरवर तुम्ही खिचडीचं गरम गंज, ते मोठं पातेलं, ठेवलंत! त्याचा गोल काळा डाग अजून आहे. मला इतका राग आला की जामपर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. तुम्ही मात्र चहावाल्याला सांगून माझ्या चहात साखर कमी टाकायला लावलीत, मला शुगर आहे म्हणून.

राग का आला, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मी टेकडीखालच्या शाळेत होते. नोकरीचं शेवटचं वर्ष. जमुना माझ्या पहिलीत होती. पोडावरची मुलं एक दिवस यायची, दोन दिवस नाही, आणि मी संध्याकाळी एकदमच हजेरीपट भरायची. तुमच्या त्या शनिवारी जे घडलं ते मी डोळ्यानं पाहिलेलं नाही, पोट्ट्यांकडून शंभरदा ऐकलं आहे. जमुनाचे आईबाप कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेले. इकडे दोन काकांची घरं. मोठ्याला वाटलं पोरगी धाकट्याकडे आहे, धाकट्याला वाटलं मोठ्याकडे. तुम्ही नाव घेतलं, "जमुना?" एक म्हणालं काकाकडं असंल, दुसरं म्हणालं मोठ्या काकाकडं असंल. डोळ्यानं कोणीच पाहिलेलं नव्हतं. तुम्ही गोष्ट तिथंच सोडून उठलात, आणि तुमच्यामागं अख्खं पोड. घरामागं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला पोरगी पडलेली, तापानं फणफणून, शुद्ध नाही. तुम्ही फळ्यावरचं कापड सोडवलंत, ओलं केलंत आणि तिला गुंडाळलंत. घाईत काढायचं राहून गेलेलं एक मेंढरू तसंच त्याला चिकटून होतं म्हणे. मोटरसायकलवर मध्ये धरून फाट्यापर्यंत, तिथून जीपमध्ये घालून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात. पोरगी वाचली.

सोमवारी तुम्ही माझ्या शाळेत आलात. "तुमच्या पहिलीतली जमुना दवाखान्यात हाये. शुक्रवारपासून पडून होती, कोणाले पत्ता नाई." मी सवयीनं हजेरीपट ओढला, उघडला. शुक्रवारच्या रकान्यात, जमुनाच्या नावापुढं, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, हजर.

मी झटकन मिटलं. तुम्ही टेबलाच्या पलीकडे उभ्या होतात, तुम्हाला ते उलटं दिसत असणार. तुम्ही पाहिलंत का? सहा वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघून याचा अंदाज काढत आले. तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणालात, "शनिवारी वर येता का, ताई?" लोक म्हणतात, कुंदा मॅडमनी निवृत्तीनंतर सेवेला वाहून घेतलं. कसली सेवा आणि काय! बाई, मी घाबरून आले होते. तुम्ही पोलिसात सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

आणि तरी मी तुमच्याशी ताठ्यानंच वागले. दुसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं, "हे बघा, मी भाजी चिरीन, चूल फुंकीन, पोट्ट्यांची नाकं पुसीन. पण प्रार्थनेला बसणार नाही. आणि तुमच्या प्रार्थनेत माझं नाव घ्यायचं नाही. माझं मी माझ्या गणपतीजवळ बघून घेते." वाटलं होतं, तुम्ही समजूत घालाल, गोड बोलाल, निदान थोड्या रुसाल. तुम्ही म्हणालात, "बरं." संपलं! इतक्या सहज मानलंत की उलट मलाच लागलं. तेव्हापासून ठरलेलं, नावं संपत आली की मी खिचडी बघायला उठायची. माझ्या मागं तुमची प्रार्थना व्हायची, आणि मी पाठ करून झाकण उचलून बघत राहायची, खिचडी झालेली असली तरी.

खाली गावात कुजबुज होतीच. एकदा तिथल्याच शिरप्याच्या आईनं मला फाट्यावर अडवलं, "काऊन वं मॅडम, तू बी त्यायच्यातली झाली का? पोट्ट्याईले खिचडी चारून धरम बदलवून राह्यली म्हणते ते बाई." मी तावातावानं हे तुम्हाला सांगितलं. वाटलं, आता चिडाल. तुम्ही दुसऱ्या दिवशी तिच्याच ओट्यावर जाऊन बसलात. "मी येशूची हावो, माय, ते काही मी लपवत नाई. गोष्टी त्याच्याच सांगतो. पण खिचडीच्या बदल्यात मी कोणाकडून काही मागतलं असंल तर सांग." तिनं आठवून पाहिलं आणि म्हणाली, "मागतलं तर नाई." मग चहा टाकला. यावर मात्र आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायची, गोष्टी सोडा, नुसती खिचडी द्या, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. तुम्ही म्हणायच्या, नुसती खिचडी तर सरकार बी देते, मी जे माह्याजवळचं सगळ्यात चांगलं हाये ते काऊन घरी ठेवून येऊ? मी अजूनही म्हणते तुमचं चुकत होतं. म्हणजे, बहुतेक.

पण ती हरवलेल्या मेंढराची गोष्ट! शंभरातलं एक हरवलं म्हणून मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून शोधायला गेला, असं तुम्ही रंगवून सांगत होता. किसना उभा राहिला. रोज बकऱ्या चारणारा माणूस तो, आठ वर्षांचा. "पण बाई, मंग नव्व्याण्णव कोणाच्या भरोशावर ठेवले? कोल्हा आला मंजे?" सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. फळ्यावरच्या मेंढरांकडे बघत बसलात आणि म्हणालात, "सवाल बराबर हाये तुहा. मी इतक्या वर्षांत हा विचारच नाई केला." मग तुम्ही त्यालाच पुढं बसवून विचारलंत, तू काय केलं असतं? त्यानं अर्धा तास सांगितलं. कुत्रं कुठं बसवायचं, नाल्याकडची वाट कशी अडवायची, कोणाला हाक मारायची. आणि तुम्ही सत्तरीला टेकलेल्या, आयुष्यभर बायबल वाचलेल्या, त्याच्यासमोर मांडी घालून ऐकत होतात. मी चुलीपाशी पळी हातात धरून नुसती बघत राहिले. तीस वर्षांत एका मुलाचं मी असं ऐकलं नाही. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

तर परवा. जमुनानं विचारलं, डोयानं पाह्यलं का. मी सांगायला तोंड उघडलं आणि कळलं, की या मुलांना माझ्याशिवाय दुसरं कोणी हे सांगू शकणार नाही. मी म्हटलं, "हो. मी पाहिलं. बाईंना पांढरी साडी नेसवली होती. पेटी खाली सोडली तेव्हा मी तिथं होते. मूठभर माती मीही टाकली." एवढं ऐकल्यावर त्यांनी मानलं. किसना गुडघ्यात डोकं घालून रडला, मोठा झालाय आता, तरी. मीही रडले. कोणी कोणाची समजूत घातली नाही.

मग उठून मी चूल पेटवली, खिचडी चढवली. म्हटलं, आता बंदचं सांगून टाकावं. पण पोट्टे उठून आपापल्या जागेवर जाऊन बसले आणि मी वाटलेले मुरमुरे हातात धरून बसून राहिले. एक दाणा कोणी तोंडात टाकेना. नावं नव्हती ना झाली.

"मला नाही येत रे सगळी नावं," मी म्हटलं. "ती बाईंच्या डोक्यात होती."

जमुना म्हणाली, "घरं पाहा ना, मॅडम. बाई बी वरच्या घरापासूनच घेत जाये."

मी तुमच्या चटईवर बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि बाई, तिथून बावीसच्या बावीस दारं दिसतात! एकही आड जात नाही. चुलीपासून फक्त सात दिसतात. तुम्ही मोहाच्या बुंध्याला टेकून बसायच्या ते सावलीसाठी, असं मी समजत होते. मायबाई, मी तोंडावर हात ठेवला. मग वरच्या घरापासून सुरू केलं. दार बघायचं, त्यातली मुलं आठवायची, नाव घ्यायचं, तोंडाकडे बघायचं. चुकले तिथं त्यांनी सांगितलं. तिघं नव्हते. दोघांना कोणी ना कोणी पाहिलेलं होतं. तिसरीबद्दल तिचा भाऊ म्हणाला, "घरीच असंल." माझ्या तोंडून निघून गेलं, "असेल नाही चालत. जा, पाहून ये." तो पळाला. ती खरंच घरी होती, धाकट्याला झोपवत.

नाल्याकडच्या शेवटच्या घरातलं शेवटचं नाव झालं. मी सवयीनं खिचडी बघायला उठले.

"बसा ना, मॅडम," जमुना म्हणाली. "एक राह्यलं."

"कोण राहिलं? सगळी घरं झाली."

ती जरा लाजली. मग म्हणाली, "बाई शेवटी उलसा येळ गप राह्ये. तुमच्यासाठी. तुमी म्हटलं होतं ना, माह्यं नाव घ्याचं नाई. म्हणून बाई नाव नाई घे. गप बसून चुलीकडं पाहे. आमी बी पाहो. तुमी दिसल्या का मंग डोये मिटे."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

बाई, सहा वर्षं! सहा वर्षं दर शनिवारी चाळीस पोट्टे आणि तुम्ही माझ्या पाठीकडे बघत होतात, आणि मी झाकण उचलून शिजलेली खिचडी पुन्हा पुन्हा बघत होते. तुम्ही शब्द पाळलात. नाव घेतलं नाहीत. हजेरीपटातलं ते तुम्ही पाहिलं होतं की नाही, हे मला आता विचारायचं नाही.

मी पुन्हा बसले. प्रार्थना मला येत नाही, आणि येत असती तरी तुमची मी म्हटली नसती. मी गप राहिले. चुलीकडे बघितलं, तिथं कोणी नव्हतं. पोट्टेही तिकडेच बघत होते. मग एकेकानं मान वळवली आणि माझ्याकडे बघायला लागले, सगळे, मी त्यांच्याकडे बघेपर्यंत. मागून करपल्याचा वास यायला लागला. मला येत होता, त्यांनाही येत होता. कोणी उठलं नाही. मीही नाही.

खिचडी खालून चांगलीच लागली होती, बाई. पोट्ट्यांनी गंज खरवडून खाल्लं. आणि बंद करायचं म्हणून गेले होते, ते सांगायचं राहूनच गेलं.